एकसष्ट नंबरचा रिकामा खिळा

वेल्सच्या डोंगरात जाणाऱ्याने जवळ तीन गोष्टी ठेवाव्यात: छत्री, खाऊ आणि स्वच्छ मन. मी गेलो तेव्हा माझ्याकडे पहिल्या दोन होत्या. तिसरीच्या जागी कोटाच्या आतल्या खिशात एक खोटा पितळी बिल्ला होता. रुपयाएवढा गोल, वर एक भोक आणि मध्ये ठोकलेला आकडा, ६१.

खरा बिल्ला माझ्या काकांचा. भाऊकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. साताऱ्याहून डॉक्टर होऊन इकडे आले आणि कुमहेलिग नावाच्या खाणगावात तीस वर्षं दवाखाना चालवत राहिले. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला असा बिल्ला मिळे. जाताना फळ्यावरच्या खिळ्यावरून काढायचा, वर आलं की परत द्यायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून जमिनीखाली. एकदा आत छत कोसळून एकजण अडकला, तेव्हा काकांनाही बिल्ला देऊन खाली सोडलं. पाच तास ते त्या माणसाजवळ बसले, त्याला स्ट्रेचरवर घालून वर आले, त्याच्यासोबत ॲम्ब्युलन्समध्ये चढले आणि बिल्ला खिशातच राहिला. पुढच्याच आठवड्यात ते सुट्टीवर साताऱ्याला आले. माझ्या आईला कोटाच्या खिशात तो सापडला.

"हे काय हो भाऊजी?"

"वहिनी, ह्याच्यामुळे वर आलो असं समज."

माझ्या आईने तसंच समजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्ला देव्हाऱ्यात होता, कुळदेवतेच्या टाकांच्या ओळीत, हळदकुंकू लावून. काका हसले, पण वहिनीच्या देवांतून काही उचलून न्यायची त्यांची छाती झाली नाही. पुढे आई असेपर्यंत खंडोबा, भवानी आणि एकसष्ट नंबर यांना रोज एकत्र आंघोळ घडत होती, दसऱ्याला चिंच लावून.

आई गेली, त्याला आता सात वर्षं झाली. साताऱ्याचा फ्लॅट आवरायला माझ्याकडे मोजून नऊ दिवस होते. गुरुजी म्हणाले, टाक फार झिजलेत, विसर्जन करा. मी देव्हाऱ्यातलं सगळं लाल फडक्यात बांधलं आणि माहुलीच्या संगमावर कृष्णेत सोडलं. फडकं उघडून एकदा बघायला हवं होतं. बघितलं नाही.

निवृत्त होऊन बर्मिंगहॅमला मुलीकडे राहणाऱ्या काकांचा महिन्याभराने फोन आला. "नाटक्या, वहिनी गेली. आता माझा बिल्ला मला दे. परत करायचाय. आपण दोघं जाऊ."

मी लंडनजवळ ब्रॅकनेलला राहतो, अठरा वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं काका "खाणीवरचं माझं चाक बघायला चल" म्हणायचे आणि मी आळसाने टाळायचो. नंतरची सहा वर्षं भीतीने टाळलं. बिल्ला बँकेच्या लॉकरमध्ये आहे. कुरियरने हरवेल, स्वतः आणतो. या बँक हॉलिडेला टीम कॉल आहे, पुढच्या बँक हॉलिडेला नक्की. या देशात वर्षाला आठ बँक हॉलिडे येतात, त्यामुळे थाप मारायला कधी अडचण पडली नाही. प्रत्येक थापेला मी झालर लावायचो, लॉकरच्या मॅनेजरची नक्कल करून दाखवायचो. काका फोनवर खदखदून हसायचे.

फेब्रुवारीत ते गेले.

शुक्रवार, बर्मिंगहॅमहून निघताना

मीरा ही काकांची मुलगी. जन्म कुमहेलिगचा, आता बर्मिंगहॅमला दातांची डॉक्टर. तिचं मराठी पाट्यावर वाटलेल्या चटणीसारखं आहे, सगळं आहे पण काही अख्खं नाही.

"दादा, बाबांनी हॉस्पिटलमध्ये मला सांगितला, एकसष्ट नंबर सुधीरकडे आहे. तू ब्रिंग केलास ना?"

"केला की!" मी कोटावर थाप मारली.

कुमहेलिगच्या लोकांनी तिला पत्र पाठवलं होतं. खाण केव्हाच बंद झाली, पण माणसं आणि कोळसा वर ओढणारं जुनं इंजिन गावाने जपून ठेवलंय, बिल्ल्यांचा फळाही ठेवलाय. डॉक्टरांच्या घरच्यांनी एकदा यावं. पत्र आलं आणि मी कामाला लागलो. जुन्या बाजारातून एक कोरा पितळी बिल्ला मिळवला. इल्फर्डला एका मित्राकडे गेलो होतो, तिथे चपला शिवून किल्ल्या करून देणाऱ्या सरदारजींकडून आकडा ठोकून घेतला. "भाईसाब, म्हशीच्या कानात घालणार का?" त्यांनी विचारलं. घरी आणून बिल्ला चहात उकळला, बुटाचं पॉलिश चोळलं. चाळीस वर्षांचं वय मी त्याला एका संध्याकाळीत आणलं आणि, लाज वाटते सांगायला, स्वतःवर फार खूश झालो.

कुमहेलिग एका अरुंद दरीत आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, आणि डोंगराच्या पोटाला घरांच्या लांबलचक ओळी, एकीच्या डोक्यावर दुसरी. सह्याद्रीत डोंगर उतरून पायथ्याला गाव लागतं, इथे गाव डोंगराला लटकलेलं. वरची टेकडी हिरवीगार दिसली म्हणून मी कौतुक केलं.

"दादा, तो टेकडी नाही. खाणीचा कचरा आहे. वर गवत लावलं."

दरीच्या टोकाला लोखंडी मनोरा उभा आणि त्याच्या माथ्यावर दोन प्रचंड चाकं, आभाळाला टेकलेली. मला त्यात नवल वाटण्याऐवजी ओळख वाटली. आमच्या आजोळच्या विहिरीवर रहाट होता, हे त्याचं थोरलं भावंड. दोर, चाक आणि खाली अंधार. फक्त इथे घागरीऐवजी माणसं.

रस्त्यातून मेंढ्या फिरत होत्या, आपल्याकडे गाई फिरतात तशा, पण गाईंचा सोशिकपणा त्यांच्यात नव्हता. एका मेंढीने आमच्यासमोर कचऱ्याची पेटी पाडली आणि आम्हीच पाडली असावी अशा नजरेने आमच्याकडे बघितलं.

उतरलो ते घर एका जाड्या, लाल गालांच्या बाईंचं होतं. मीराला दारात पाहताच त्यांनी हात पसरले. "डॉकची पोरगी! तुझ्या बापाने माझी तिन्ही बाळंतपणं केली. बाळाचं डोकं दिसलं की माझ्या पलंगाच्या कडेवर तीनदा टकटक करायचा. मी विचारलं, हे काय डॉक? म्हणाला, वरच्याला सांगतोय, माणूस बसलाय, हळू ओढ."

मी चमकलो. लहानपणी काका सुट्टीवर आले की मला खांद्यावर घ्यायचे, आणि घेण्याआधी माझ्या टाळूवर बोटाने तीनदा वाजवायचे. मग अगदी सावकाश वर उचलायचे. मला वाटायचं, इंग्लंडमध्ये मुलांना असंच उचलत असतील.

बाईंनी चहाबरोबर तव्यावर भाजलेल्या, मनुका घातलेल्या जाड चकत्या दिल्या. वरून साखर. गुळाची दशमी परदेशात शिकायला गेली तर अशी होऊन परत येईल. मी पाच खाल्ल्या. सकाळच्या न्याहारीला मात्र समुद्रातल्या शेवाळाची काळी भाजी आली, जिला मी कारळ्याची चटणी समजून मोठा घास घेतला. तो घास गिळताना मीराकडे बघायचं मी टाळलं. गेले काही महिने मी बरंच काही मीराकडे न बघता गिळत होतो.

शनिवार सकाळ, खाणीवर

दारातल्या खोलीत बिल्ल्यांचा फळा होता. भिंतभर खिळे, प्रत्येकाखाली आकडा, प्रत्येकावर पितळी बिल्ला. फक्त एक जागा रिकामी. मी शोधलीच नाही, तरी डोळे आधी तिथेच गेले.

शेजारी पाहुण्यांसाठी वेगळा लहान फळा. तिथल्या बाईने मीराला सात नंबरचा बिल्ला दिला, मला आठ.

"जाताना माझ्या हातात द्यायचा," ती म्हणाली. "टेबलावर ठेवायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा नाही. ज्याचा त्याने. इथे पूर्वीपासून तोच नियम."

इंजिनघर म्हणजे एखाद्या छोट्या देवळाचा सभामंडप. मध्ये लोखंडी पिंप, माझ्या ब्रॅकनेलच्या दिवाणखान्यात मावणार नाही एवढं. त्याच्यावर पूर्वी दोर गुंडाळला जायचा. बाजूला तेलाने चकाकणारे दांडे. समोर उंचावर चालकाची खुर्ची आणि तिच्यावर पाटी: इंजिन चालू असताना चालकाशी बोलू नये.

खुर्चीतून एक्याऐंशी वर्षांचे ग्लिन उतरले. सडपातळ, इस्त्रीचा सदरा, गळ्याला टाय. हाताचे पंजे मात्र दुसऱ्या, दुप्पट मोठ्या माणसाचे. या गावात माणसाला धंद्यावरून हाक मारतात, आपल्याकडच्या टेलरकाकांसारखी. त्यांना सगळे वाइंडर म्हणतात, दोर गुंडाळणारा. छत कोसळलं त्या दिवशी काकांना खाली सोडणारे आणि वर आणणारे हेच.

त्यांनी मीराचा हात आपल्या दोन्ही पंज्यांत धरला. मग आम्हाला खुर्चीजवळ नेलं. "मला इथून खाणीची विहीर दिसत नाही. माणसंही दिसत नाहीत. फक्त घंटा ऐकू येते आणि हा काटा दिसतो." त्यांनी घड्याळाच्या तबकडीसारखी एक तबकडी दाखवली. "काटा सांगतो दोराला टांगलेला पाळणा कुठवर आलाय. एक घंटा, थांब. तीन घंटा म्हणजे पाळण्यात माणसं आहेत. कोळसा असला तर मी झपकन ओढायचो. तीन ऐकल्या की अंडी असल्यासारखं."

"बाबा टेबलवर करायचे," मीरा म्हणाली. "थ्री टाइम्स."

"माहीत आहे, पोरी. त्या दिवशी खालून त्याने स्वतः घंटा ओढली होती. तीन. मग थोडं थांबून पुन्हा तीन. दोनदा कशाला वाजवल्या विचारलं तर म्हणाला, पेशंटसाठी वेगळ्या."

मग ते माझ्याकडे वळले. "तर तू तो पुतण्या. आणलायस म्हणे?"

मी बिल्ला काढला. काढताना हात जरा उंच धरला, रंगमंचावर धरतात तसा. जुनी खोड.

ग्लिननी तो तळहातावर घेतला, वजन केलं आणि खिडकीजवळ गेले. चष्मा लावला. मी सरदारजींचं स्मरण केलं.

"छान काम आहे," ते म्हणाले. "कुणी केलं?"

"केलं म्हणजे?" मीराने विचारलं.

"हे बघ. वरून काळा आहे. पण आकड्याच्या पोटात बघ, पितळ अजून चमकतंय. हा आकडा या वर्षी ठोकलाय. तुझ्या बापाचा मी स्वतः ठोकला होता, घाईत, त्यातला एकाचा आकडा वाकडा आला होता."

मीरा माझ्याकडे बघत राहिली. "दादा?"

"त्याचं असं झालं," मी सुरुवात केली. माझ्या सगळ्या थापा याच तीन शब्दांनी सुरू होतात. बँकेचा लॉकर, पूर, नवा मॅनेजर, सगळे विंगेत तयार उभे होते.

"इंजिन बंद आहे," ग्लिन म्हणाले. "म्हणजे बोलायला हरकत नाही. पण खरं बोल, बच्चा. मला चहाला जायचंय."

मी बावन्न वर्षांचा आहे. त्या 'बच्चा'ने माझी सगळी विंग रिकामी केली.

मी सांगितलं. देव्हारा, टाक, लाल फडकं, कृष्णा. गोष्ट माझ्या इतर गोष्टींच्या मानाने अगदी छोटी निघाली.

मीरा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "सिक्स इयर्स तू बाबांशी खोटं बोलला. ते वाट बघत होते. दर बँक हॉलिडेला ते बॅग भरून ठेवायचे, यू नो? छोटी बॅग. मी म्हणायचे, दादा बिझी आहे. मी तुझी बाजू घेतला."

बॅगेचं मला माहीत नव्हतं.

ग्लिन मात्र वेगळ्याच विचारात होते. "तुझ्या आईने त्याला रोज आंघोळ घातली?"

"रोज. तेहेतीस वर्षं."

"फुलं?"

"जास्वंदीचं. असलं तर."

"आम्ही चारशे माणसं होतो," ते सावकाश म्हणाले, "एकाच्याही बिल्ल्याची एवढी बडदास्त राहिली नसेल. ती नदी खोल आहे?"

"पावसाळ्यात खूप."

"हं. म्हणजे डॉक अजून खालीच."

त्यांनी माझा खोटा बिल्ला मला परत दिला. "हे बघ, तू खरा आणला असतास तरी मी तो टांगला नसता. ज्याचा त्याने द्यायचा, वर येणाऱ्याच्या हातून. डॉकला हे ठाऊक होतं. म्हणून तर त्याला स्वतः यायचं होतं."

"पण बिल्लाच नव्हता," मी म्हणालो. "मी त्यांना कशाला घेऊन..."

"दर नाताळला तो मला फोन करायचा. दोन वर्षांपूर्वी म्हणाला, बिल्ला बहुतेक गेलाय, ग्लिन. पुतण्या लॉकरच्या इतक्या गोष्टी सांगतो की लॉकर नसणारच. मी म्हणालो, मग विचारणं सोड की. तर म्हणाला, विचारायचं सोडलं तर पोरगं गोष्टी सांगायचं सोडेल. बिल्ला राहू दे, तो मला घेऊन येतो का एवढंच बघतोय."

इंजिनघरात तेलाचा वास होता आणि बाहेर पाऊस सुरू झाला होता. मी खोटा बिल्ला खिशात परत ठेवला.

"चला, बसतो," ग्लिन म्हणाले आणि खुर्चीत चढले. आता वाफ नाही. दाबलेल्या हवेवर ते पिंप थोडा वेळ फिरवून दाखवतात. दोर नाही, पाळणा नाही, विहीर दगडमातीने भरून वर काँक्रीट ओतलंय. आहे ते एवढंच: पिंप, तबकडी, काटा. "पोरी, ती साखळी ओढ."

मीराने घंटेची साखळी ओढली. तीनदा. थांबली. पुन्हा तीनदा.

पिंप हललं. इतकं मोठं लोखंड इतक्या हळू, इतक्या हळुवार फिरू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. काटा तळाच्या खुणेवरून निघाला आणि तबकडीभर सरकू लागला. दोर नसलेल्या पिंपाकडे न बघता ग्लिन त्या काट्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून, दोन्ही हात दांड्यांवर. पाटीवर लिहिल्याप्रमाणे कुणी बोललं नाही. काटा वरच्या खुणेवर आला, आणि पिंपावरची खडूची रेघ बरोबर समोर येऊन थांबली.

ग्लिननी टाय सारखा केला. "चहा," ते म्हणाले.

शनिवार दुपार, आणि त्यानंतर

निरोप घेताना गोंधळ झाला. मीरा आपला बिल्ला फळ्याजवळच्या बाईच्या हातात देत असतानाच मला दिसलं की गाडीचं दार उघडं राहिलंय आणि कालचीच, किंवा तिच्या चेहऱ्याची, मेंढी माझा सांगलीच्या भडंगाचा पुडा घेऊन आत बसलीय. मी छत्री उगारून धावलो. तिला बाहेर काढेपर्यंत अर्धा पुडा तिच्या पोटात आणि उरलेला सीटवर. तिखट लागलं असावं, कारण जाताना ती शिंकली.

मीरा हसली नाही. मोटरवेवरच्या सर्व्हिसेस, म्हणजे खाण्यापिण्याचा थांबा, येईपर्यंत ती गाडी चालवत राहिली. तिथे कॉफी घेऊन बसलो, मी हातरुमालासाठी खिशात हात घातला आणि टेबलावर दोन पितळी बिल्ले पडले. एक खोटा एकसष्ट. एक खरा आठ.

मीराने दोन्हींकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि तिला हसू आलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा, बापासारखं खदखदून. "दादा, तू पण खाली राहिला!"

"पोस्टाने पाठवतो."

"पोस्ट नाही. हातात. रूल आहे." तिने खोटा बिल्ला उचलून आपल्या पर्समध्ये टाकला. "हा माझ्याकडे. तू पुन्हा स्टोरी सुरू केली की दाखवीन. आठ नंबर कधी देणार?"

"पुढच्या बँक..." एवढं तोंडातून गेलं.

तिने हसू थांबवलं.

"उद्या," मी म्हणालो.

रविवारी मी एकटाच निघालो. रेल्वेगाड्या कमी, बस त्याहून कमी. पोचलो तेव्हा दुपार सरत आली होती. ग्लिन नव्हते. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, कपाटातून चष्मा काढला आणि काही न विचारता हात पुढे केला. मी आठ नंबर तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो खिळ्यावर अडकवला, वहीत खूण केली.

"झालं," ती म्हणाली. "आलात वर."

मी मोठ्या फळ्याकडे वळलो. एकसष्टच्या खिळ्याखाली लाकडावर मी बोटाने तीनदा वाजवलं, थांबलो, आणि पुन्हा तीनदा. खिळा रिकामाच होता.